स्वयंपाकघरातील आरसा

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. आमच्या चाळीच्या पुनर्विकासाचे बोलणे मला कळू लागल्यापासून चालू आहे. त्यातल्या एका टप्प्यावर रहिवाशांना 'नमुना घर' पाहण्यासाठी बोलावले होते. वडिलांची दिवसपाळी असल्याने आई, आजोबा, आठवीतला धाकटा भाऊ आणि मी असे चौघे गेलो. स्वयंपाकघराच्या दारात आई थबकली आणि म्हणाली, "अगं, केवढं मोठं हाय हे!" मलाही तसेच वाटले. लांबलचक ओटा, लख्ख उजेड, पलीकडे आणखी एक दार आणि त्या दारात आमच्यासारखीच चार माणसे उभी! दुसऱ्या क्षणी ध्यानात आले की ती माणसे म्हणजे आम्हीच. पलीकडची अख्खी भिंत आरशाची होती.

आजोबा काही बोलले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला, खाली पाहिले आणि एकेक लादी मोजीत ते आरशापर्यंत चालत गेले. लादी दोन फुटांची होती. लांबीला चार आणि रुंदीला तीन. "आठ बाय सहा," ते म्हणाले. "आपल्यापरीस फूटभर कमीच. आरशातल्या लाद्या धरायच्या न्हाईत."

वार्षिक अंकासाठी लेख द्यायचे ठरले तेव्हा मी खरे तर 'माझे महाविद्यालयातील पहिले वर्ष' हा विषय घेतला होता. पण त्या लाद्या डोक्यातून जाईनात. शिवाय आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. त्यामुळे घरात कोणतीही शंका निघाली की "तू शिकतीस न्हवं, सांग" असे म्हणून ती माझ्यापुढे टाकली जाते. इतिहास आणि मराठी घेतलेल्या मुलीला आरशाचे काय कळणार, हा प्रश्न घरात कुणालाच पडत नाही. तेव्हा भावाचे आठवीचे विज्ञानाचे पुस्तक काढून बसले. विज्ञान शाखेच्या वाचकांनी पुढचे सांभाळून घ्यावे.

सपाट आरशाविषयी त्या पुस्तकात मुख्य गोष्टी दोनच आहेत. एक, प्रकाशाचा किरण ज्या कोनात आरशावर येतो त्याच कोनात परत जातो. दुसरी, वस्तू आरशाच्या जितकी पुढे, तितकीच तिची प्रतिमा आरशाच्या मागे दिसते. नमुना घराचे सारे गुपित या दुसऱ्या गोष्टीत आहे. आठ फूट लांब खोलीची एक भिंत आरशाची केली, तर समोरच्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाला आपल्या पाठीमागची भिंत आरशात सोळा फुटांवर दिसते. किरण वाटेत कुठे वळला हे डोळ्याला कळत नाही. तो ज्या दिशेने आला त्या दिशेला सरळ मागे वस्तू असणार, असे डोळा धरून चालतो. पुस्तकात अशा प्रतिमेला 'आभासी' म्हटले आहे. त्या जागेत पाण्याचा हंडा ठेवता येत नाही.

पण पहिल्या गोष्टीचा विचार केला तर चित्र निराळे दिसते. आरशामागची जागा आभासी असली, तरी आरशावरून वळलेला किरण आभासी नसतो. तो खरोखरच खोलीत येतो, सुपातल्या तांदळावर पडतो आणि त्यातला खडा दाखवतो. आरशातली जागा खोटी, पण आरशातला उजेड खरा. या विषयातले मर्म मला तरी एवढेच वाटते. कारण स्वयंपाकघर मोठे दिसावे म्हणून आरसा लावण्याची जागा एक असते आणि ते उजळावे म्हणून लावण्याची जागा बहुधा दुसरीच असते. हे आम्हाला पुस्तकातून कळले नाही. दोन चुका केल्यावर कळले.

आता आमचे स्वयंपाकघर सांगते. चाळ गिरणगावातली, तळमजला धरून चार मजल्यांची. आम्ही दुसऱ्या मजल्यावर. पुढची खोली गॅलरीकडे उघडते. तिच्या मागे आठ बाय सातचे स्वयंपाकघर आणि त्याची एकुलती एक खिडकी घरगल्लीवर. ज्यांना घरगल्ली ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगायला हवे. दोन चाळींच्या पाठींमध्ये सांडपाण्याच्या नळांसाठी आणि सफाईसाठी जी चिंचोळी जागा सोडलेली असते, ती घरगल्ली. आमची चारेक फूट रुंद आहे. खिडकीसमोर दिसते ती पलीकडच्या चाळीची काळवंडलेली भिंत. आकाश पाहायचे तर गजांना गाल टेकवून मान वर करावी लागते. मग फूटपट्टीएवढे दिसते.

या खोलीत आई पहाटे पाचपासून डब्यांच्या चपात्या लाटते. पूर्वी याच ओट्यावर आजी गिरणीतल्या गड्यांची खाणावळ चालवीत असे. आता ऑफिसांतले डबे आहेत. दिवसाही दिवा लावावा लागतो. तो खोलीच्या मधोमध, आणि आई ओट्याकडे म्हणजे भिंतीकडे तोंड करून उभी. साहजिकच तिची स्वतःची सावली नेमकी पोळपाटावर पडते. तांदूळ निवडायचे तर ती सूप घेऊन गॅलरीत जाऊन बसते. दोन वर्षांपूर्वी त्या सावलीतच विळीवर तिचा अंगठा कापला. पंधरा दिवस डबे बंद राहिले आणि माझी अकरावीची, नव्हे बारावीची, फी त्या खेपेस उशिरा भरली गेली. तेव्हा उजेडाचा प्रश्न हा आमच्या घरात हौसेचा नव्हता.

आरसा मिळाला तो योगायोगाने. नाक्यावरचे जुने सलून बंद झाले आणि आजोबांच्या ओळखीमुळे तिथला चार बाय दोनचा एक आरसा आमच्या वाट्याला आला. या सलूनमध्ये समोरासमोर आरसे होते. लहानपणी आजोबांबरोबर गेले की आत आत जाणारी आजोबांची रांगच्या रांग दिसे. मागचे आजोबा मात्र अंधूक आणि हिरवट होत जात. त्याचे कारण आता कळले. चांगला आरसासुद्धा आलेल्या उजेडापैकी शंभरातले ऐंशी-नव्वद भागच परत देतो, आणि साध्या काचेत किंचित हिरवी झाक असते. दर खेपेला थोडा उजेड गळतो आणि थोडी झाक चढते. आरसा उजेड तयार करीत नाही, उलट थोडासा खातो, हे तेव्हाच ध्यानात यायला हवे होते.

सलूनवाले काका आरशाला अभिमानाने 'बेल्जियम' म्हणत. तो कुठलाही असो, अशा आरशाच्या पाठीवर चांदीचा किंवा ॲल्युमिनियमचा पातळ थर असतो. काचेवर रासायनिक क्रियेने चांदी चढविण्याची रीत जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग याने १८३५ साली शोधली. त्यापूर्वी कथील आणि पारा वापरीत. पाऱ्याची वाफ कारागिरांना बाधे आणि आरसा श्रीमंतांच्याच घरी असे. सलूनच्या भिंतीवर, पुढे कपाटाच्या दारावर आणि शेवटी आमच्या स्वयंपाकघरात आरसा पोहोचला तो या नव्या रीतीमुळे.

आमची पहिली चूक मी केली. खिडकीसमोर आरसा लावला की दुसरी खिडकी तयार होते, असे कुठेसे वाचले होते. म्हणून खिडकीसमोरच्या भिंतीवर आरसा टांगला. दुसरी खिडकी तयार झाली खरी, पण तिच्यातूनही तीच काळवंडलेली भिंत दिसू लागली! मूळ खिडकीतून जे येत नाही ते तिच्या प्रतिमेतून कुठून येणार? शिवाय भांड्यांची मांडणी, पिठाचे डबे, दोरीवरची फडकी हे सारे दुप्पट झाले. खोली लांब दिसण्याऐवजी भरलेली दिसू लागली. आईने दोन दिवस सोसले आणि म्हणाली, "डोळ्याला तरी दुप्पट भांडी घासायला लावू नगंस."

मोठेपणाचा भास हवा असेल, तर आरशापुढे काय आहे हे आधी पाहावे लागते. व्हिएन्ना शहरात आडोल्फ लोस या वास्तुकाराने १९०८ साली बांधलेला एक बार आहे. जागा अवघी सत्तावीस चौरस मीटर, म्हणजे तीनशे चौरस फुटांच्या आतलीच. त्याने भिंतींना खाली लाकूड लावले आणि आरसे लावले ते माणसाच्या डोळ्यांच्या वर. त्यामुळे आत बसलेल्याला आरशात स्वतःचे तोंड दिसत नाही, टेबले-खुर्च्या दिसत नाहीत. दिसते ते फक्त छत, भिंतीपलीकडे पसरत गेलेले. छतावर पसारा नसतो, ही साधी गोष्ट त्याने हेरली. आपल्याकडच्या इराणी हॉटेलांतले आरसे मात्र डोळ्यांच्या पातळीवर असतात, आणि त्याचेही कारण आहे. तिथे माणसांची वर्दळ दुप्पट दिसली तर हॉटेलची शोभाच वाढते, आणि गल्ल्यावरच्या शेटला मान न वळवता सगळी टेबले दिसतात. स्वयंपाकघराला लोसचा धडा जास्त उपयोगी. फळीच्या वर, छताखाली आडवी पट्टी लावली तर पसारा दुप्पट होत नाही. आमच्याकडे ती जागा अंथरुणांच्या वळकट्यांनी आधीच घेतली होती, ही गोष्ट वेगळी.

दुसरी चूक सगळ्यांची मिळून. आरसा ओट्यामागच्या भिंतीवर, शेगडीच्या मागे लावला. उजेडाच्या दृष्टीने ही जागा वाईट नव्हती. आरसा चार फूट रुंद, आई त्याहून पुष्कळ अरुंद. तेव्हा पाठीमागच्या दिव्याचा उजेड तिच्या दोन्ही अंगांनी आरशावर जाई आणि समोरून तिच्या हातावर परत येई. पोळपाटावरची सावली विरळ झाली. पहिल्या दिवशी आई संकोचली. "आरशात बघत कुनी चपात्या लाटतं का गं?" असे म्हणून तिने वरचा भाग टॉवेलने झाकला. चौथ्या दिवशी टॉवेल निघाला. पाठीमागे कोपऱ्यात दार आहे, त्यातून कोण आले-गेले हे तिला मागे न वळता दिसू लागले होते. वीस वर्षे ती रोज चार-पाच तास हातभर अंतरावरच्या भिंतीकडे पाहत उभी राहिली आहे, हे त्या दिवशी मला प्रथमच जाणवले. आपण ज्या खोलीत जेवतो तिच्यातली एक गोष्ट एकोणीस वर्षे दिसू नये, याचे नवल वाटते.

अकराव्या दिवशी फोडणी चालू असताना आरसा तडकला. चूक आमचीच. शेगडीमागचा भाग तापतो, कडा गार राहतात. तापलेली काच पसरू पाहते, गार काच तिला पसरू देत नाही, आणि मग ती फाटते. ओट्यामागे लावायची काच उष्णतेवर कडक केलेली असावी लागते आणि तीही ज्योतीपासून दूर. साध्या आरशाचे ते काम नव्हे. शिवाय वाफ कडेने पाठीमागे शिरते, चांदीचा थर खाते आणि काळे डाग पडतात. फुटका आरसा घरात नको म्हणून शेजारून सल्ला आला, पण आजोबांनी काचवाल्याला बोलावून हिरकणीने त्याचे तीन चांगले तुकडे कापून घेतले.

यानंतर मात्र एक युक्ती सापडली. ती सर्वांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. जिथे आरसा लावायचा तिथे आधी आपला डोळा न्यावा आणि तिथून आकाश दिसते का ते पाहावे. दिवसाचा उजेड म्हणजे आकाशाचा उजेड. जिथून आकाश दिसत नाही, तिथे आरसा कितीही मोठा लावा, तो अंधारच परत करील. आमच्या सगळ्या स्वयंपाकघरात अशी जागा एकच निघाली, ती म्हणजे खिडकीबाहेर फूटभर पुढे आलेला गजांचा पिंजरा. वरच्या मजल्याला असा पिंजरा नाही, हे आमचे नशीब. पिंजऱ्यावरचा पत्रा काढून पारदर्शक पत्रा घातला आणि दोन बाय दीडचा तुकडा आत तिरका बसवला, बाहेरची कड उंच, खोलीकडची खाली. वरून जवळजवळ उभा येणारा उजेड त्यावर पडून आडवा वळतो आणि खोलीत छताकडे जातो.

कोन साधताना मोठी गंमत झाली. आरसा एक अंश फिरवला की परतीचा किरण दोन अंश फिरतो, हे पुस्तकात आहे. अनुभव भर दुपारी आला. घरगल्ली दक्षिणोत्तर असल्याने बाराच्या सुमारास थोडा वेळ थेट ऊन खाली उतरते. मी आरशाला नुसते बोट लावले आणि कवडसा आमच्या छतावरून उडी मारून समोरच्या काकूंच्या ओट्यावर गेला. त्यांची हाक आली. शेवटी एक कड सुमारे तीस अंश वर ठेवून लाकडी पाचर मारली. कवडसा डोळ्यावर येऊ न देता छतावरच जाईल, इतपत.

छत काजळीने काळे होते, तेही पांढरे केले. हे आरशाइतकेच महत्त्वाचे आहे. ताजा पांढरा रंगही उजेडाचा बराचसा भाग, शंभरात ऐंशीच्या आसपास, परत देतो. फरक एवढाच की आरसा एकाच दिशेला देतो आणि पांढरी भिंत सगळीकडे. आरसा उजेड वाहून आणतो, भिंत तो वाटते. काजळीचे छत आलेला उजेड गिळून टाकते. ज्यांच्या खिडकीतून आकाश चांगले दिसते, त्यांनी आरशावर पैसे घालण्याआधी चुन्याचा हात द्यावा. कदाचित आरसा लागणारही नाही.

आता नऊपासून साडेतीन-चारपर्यंत दिवा लागत नाही. आई ओट्याशी बसून तांदूळ निवडते आणि सुईत दोरा ओवते. वरून येणारा उजेड छतावरून सगळीकडून येत असल्याने पोळपाटावर ठळक सावली पडत नाही. पहाटेचे काय, असे कोणी विचारील. पहाटे आकाशच काळे असते, तिथे आरशाचा इलाज नाही. त्यासाठी फळीखाली एक एलईडीची पट्टी लावली आहे. पावसाळ्यात चार दिवसांनी आरसा पुसावा लागतो आणि कावळे स्वतःच्या प्रतिमेशी भांडायला येतात.

हा शोध आमचा नव्हे, हे नंतर कळले. नॉर्वेत र्‍युकान नावाचे गाव आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी एका कारखान्याच्या कामगारांसाठी ते खोल दरीत वसवले गेले. डोंगरांमुळे तिथे हिवाळ्यातले सहा महिने ऊन पोहोचत नाही. डोंगरावर आरसे बसवून ऊन खाली आणावे, ही कल्पना १९१३ सालापासून बोलली जात होती. ते जमले नाही म्हणून १९२८ साली कंपनीने कामगारांना उन्हापर्यंत वर जाण्यासाठी लोखंडी दोरावरचा पाळणा बांधून दिला. अखेर २०१३ साली प्रत्येकी सतरा चौरस मीटरचे तीन आरसे डोंगरावर बसले. ते सूर्याबरोबर फिरतात आणि ऊन गावच्या चौकात पाडतात. इटलीतल्या विगानेल्ला या गावाने असाच एक आरसा २००६ सालीच लावला होता.

हे मी आजोबांना वाचून दाखवले, तेव्हा ते गिरणीकडे वळले. ते साचाखात्यात होते; १९८२ च्या संपात ती नोकरी गेली. साचाखात्याचे छप्पर करवतीच्या दात्यांसारखे असे, आणि प्रत्येक दात्याच्या उभ्या अंगाला उत्तरेकडे तोंड करून काचा. आपल्याकडे सूर्य वर्षातला बहुतेक काळ माध्यान्ही दक्षिणेकडे असतो. म्हणून उत्तरेच्या काचेतून ऊन येत नाही, नुसता आकाशाचा शांत, सारखा उजेड येतो. सुताचा एक धागा तुटला तरी दिसावा, म्हणून ही सोय. "आमच्या साच्यांवर सावली पडत न्हवती," आजोबा म्हणाले, आणि मग बराच वेळ घरगल्लीकडे पाहत राहिले. त्याच काळात तयार झालेल्या त्याच गिरणगावात साच्याला आकाश होते, ओट्याला नव्हते.

उरलेल्या दोन तुकड्यांपैकी एक पुढच्या खोलीत गेला. दुसरा, वीतभर रुंदीचा, आईने मला न विचारता स्वतःच खिळा ठोकून ओट्याच्या उजव्या टोकाला, शेगडीपासून दूर टांगला आहे. त्याने उजेड वाढत नाही की खोली मोठी दिसत नाही. त्यात फक्त दार दिसते.

गेल्या महिन्यात नमुना घर पुन्हा पाहायची संधी मिळाली. आजोबा परत गेले. या खेपेस त्यांनी लाद्या मोजल्या नाहीत. आमच्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराची खिडकी कोणत्या दिशेला उघडणार आणि तिच्यासमोरची इमारत किती फुटांवर असणार, हे दोन प्रश्न त्यांनी मला कागदावर लिहायला लावले आणि तिथल्या माणसाकडून कागदाच्या प्रतीवर सही घेतली. उत्तर अजून आलेले नाही. प्रत आईने ओट्यावरच्या आरशाच्या मागे खोचून ठेवली आहे.